सुझौच्या बागेतला पूल: स्केचसाठी कुठे बसू?

कागद_पेन: ऑफिसच्या कामाने शांघायला आलेय. रविवारी ट्रेनने सुझौला जायचा बेत आहे. जुन्या बागेतला एखादा पूल निवांत बसून काढायचाय. वेळ एकाच बागेपुरता आहे. कुठली निवडू?

भटक्या_नाशिक: झुओझंग युआन! तिथला 'श्याओ फेइहोंग' चुकवू नका. छत असलेला पूल, लाल कठडे, खाली पाण्यात सगळं उलटं. वन झंगमिंग या चित्रकाराने १५३३ मध्ये या बागेची ३१ दृश्यं रंगवली, त्यातही या नावाचा पूल आहे. सुट्टीच्या दिवशी गर्दी मात्र मरणाची.

ओवी_पुणे: ताई, तुम्ही वांगशी युआनला जा. मी बागांची आखणी करते, म्हणून आग्रहाने सांगतेय. तळ्याच्या आग्नेय कोपऱ्यात यिनजिंग नावाचा दगडी कमानीचा पूल आहे. लांबी तीन मीटरही नाही, रुंदी मीटरभरसुद्धा नाही. तिथले लोक त्याला 'तीन पावलांचा पूल' म्हणतात. पण पायऱ्या आहेत, बुटके कठडे आहेत, माथ्यावर दगडात कोरलेलं फूल आहे. मोठ्या पुलाचं काही म्हणता काही सोडलेलं नाही.

तळं चारशे-साडेचारशे चौरस मीटरचं. त्यावर ऐसपैस पूल घातला असता तर त्याचं डबकं झालं असतं. हा कोपऱ्यात सरकवलाय, आणि खालून चिंचोळा ओहोळ खडकांत शिरतो, त्यामुळे पाणी कुठून तरी लांबून येतंय असं वाटतं. समोरच्या वायव्य कोपऱ्यातला पूल सपाट, नागमोडी, पाण्यालगत. मधलं पाणी दोघांनीही मोकळं सोडलंय. आपल्याकडे सोसायटीच्या बागेत वीतभर पाण्यावर सिमेंटची भलीमोठी कमान टाकतात, तेव्हा फार जीव तुटतो हो.

पश्चिम काठावरच्या 'युएदाओ फंगलाय' मंडपातून बघा. पलीकडे घराची उंच पांढरी भिंत येते, तिथे कागद कोराच ठेवा.

कागद_पेन: ठरलं, वांगशी! पण तिथून पूल फारच बारका दिसेल ना?

ओवी_पुणे: दिसू दे, तसाच काढा. फक्त त्यावर माणूस काढू नका. माणूस आला की तळ्याचं माप उघडं पडतं.