ताळेबंदात नफा, खात्यात खडखडाट

कोकणातले प्रक्रिया उद्योग धंद्याची अक्कल नसल्यामुळे बुडतात, असं बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. वेंगुर्ल्याजवळ माझ्या मामाचं काजू युनिट आहे, हिशेब मी बघतो. काजू बी येते साधारण फेब्रुवारी ते मे. वर्षभर काम चालवायचं तर त्याच दिवसांत बी घेऊन, उन्हात सुकवून, पावसाआधी गोदामात भरावी लागते. शेतकऱ्याला रोख, सोलणाऱ्या बायकांना आठवड्याला मजुरी. गर मात्र दिवाळीपर्यंत थोडा थोडा विकला जातो आणि व्यापारी पैसे देतो त्याहून उशिरा. मेमध्ये अडकलेला रुपया कधीकधी डिसेंबरात सुटतो, व्याज मात्र रोज चढतं. एकाने पाच महिने रखडवलं तेव्हा मामीचे दागिने गहाण पडले. यात अक्कल कुठे कमी पडली?

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचा आधार आहे. खरेदीदाराला पैसे द्यायला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसला तर १५. पुढे रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदत चुकवलेल्या रकमेची आयकर वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. गिऱ्हाईक तुटेल म्हणून कोणी तक्रार करत नाही, ही भीती खरी आहे. पण आम्ही बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागलो, आणि मार्चअखेर दोघा व्यापाऱ्यांनी स्वतःहून फोन करून बाकी चुकती केली.