केट पिअर्सन : बी-५२जमधला तिचा आवाज वेगळा कसा ओळखायचा?

तारसप्तक
अमेरिकी रॉक बँड बी-५२जची ‘लव्ह शॅक’ आणि ‘रोम’ ही गाणी पाठ आहेत, पण केट पिअर्सन आणि सिंडी विल्सन यांच्यात कोण कुठे गातंय ते कळत नाही. शिवाय दोन मुलींनी तसं गायचं तर स्वर कसे वाटून घ्यायचे? सा-ग धरला की साबणाच्या जाहिरातीसारखं गोडमिट्ट होतं. केटची कारकीर्द कुठून ऐकावी तेही सांगा.

खर्जवाला
आधी एक गैरसमज काढू. केट नुसती गायिका नव्हती. १९७६ साली जॉर्जियातल्या अथेन्समध्ये बँड जमला तेव्हा त्यात बेस गिटारवाला (खर्जातले स्वर वाजवणारा) नव्हताच. ते काम केटने कीबोर्ड-बेसवर केलं, जोडीला फारफिसा ऑर्गन. सुरुवातीच्या रेकॉर्डमध्ये बेसचा तो ठोकळ्यासारखा, तुटक आवाज येतो तो कॉर्ग एसबी-१०० या छोट्या सिंथचा (सिंथेसायझरचा). त्यावर एका वेळी एकच स्वर वाजतो.

हे करून बघायचं असेल तर बेस आधी तोंडाने काही न म्हणता बसवा, मूळ लयीपेक्षा बराच सावकाश. मग त्यावर गाण्याचे शब्द नुसते बोला, सूर सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलात तर डावा हात गाण्याच्या मागे धावतो आणि सम हुकते. बोटं चिकटवून वाजवू नका. एकसुरी सिंथवर दोन पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या की एक स्वर गिळला जातो.

पंचमभाव
स्वरांचं बघू. ती दोघींची गंमत ‘ग’ टाळण्यात आहे. एकीने सा धरला तर दुसरीने म किंवा प. तिसऱ्या स्वराचा, म्हणजे ‘ग’चा, गोडवा गेला की आवाज उघडा, थोडा रांगडा लागतो.

यात दोन ठिकाणी घोळ होतो. एक म्हणजे कीबोर्डवाला सवयीने सा-ग-प दाबतो. त्यातला ग आणि तुमचा म अर्ध्या स्वरावर घासतात, आणि मग गाणाऱ्यांनाच बेसूर ठरवलं जातं! कीबोर्डला फक्त सा-प वाजवायला सांगा. बँडचा गिटारवाला रिकी विल्सन (सिंडीचा थोरला भाऊ) गिटारच्या मधल्या तारा काढून, बाकीच्या वेगळ्या लावून वाजवायचा. त्यामुळे मधली जागा रिकामी राहायची आणि ती या दोघींचे आवाज भरायचे.

दुसरा घोळ आपल्याकडच्या तालमीचा. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आणि आंदोलन (स्वर हलता ठेवणं) इथे चालत नाही. दोघींची मींड एकाच वेगाने उतरत नाही, मधे सगळं गढूळ होतं. स्वर सरळ धरा, ओळ कुठल्या मात्रेवर तोडायची ते ठरवून घ्या. रियाजाला तानपुरा लावलात तर ‘म’च्या ओळींसाठी तो मध्यमात लावा, पंचमातला तानपुरा म टिकू देत नाही.

रेकॉर्डकपाट
ओळखायची सोपी युक्ती : १९९२चा ‘गुड स्टफ’ ऐका. सिंडी तेव्हा बँडमध्ये नव्हती, म्हणजे बाईचा मुख्य आवाज आहे तो केटचा. मग लगेच १९८०च्या ‘वाइल्ड प्लॅनेट’वरचं ‘गिव्ह मी बॅक माय मॅन’ लावा, ती सिंडी. केटचा आवाज टणक, लखलखीत, लांब खेचलेला. सिंडीचा खरखरीत, मधेच चिरकणारा. वरचा स्वर नेहमी केटचाच असं मात्र धरू नका, त्या अदलाबदल करतात.

मग १९७९चा पहिला अल्बम, पिवळ्या कव्हरचा. ‘रॉक लॉबस्टर’मध्ये बँडचा गायक फ्रेड श्नायडर समुद्रातल्या प्राण्यांची नावं घेतो आणि या दोघी त्यांचे आवाज काढतात. पुष्कळांना तो निव्वळ आचरटपणा वाटतो, पण प्रत्येक आवाज नेमक्या मात्रेवर पडतो. जॉन लेननला १९८०मध्ये हे गाणं ऐकून बायकोच्या, योको ओनोच्या, गाण्याची आठवण झाली होती.

१९८५मध्ये रिकी एड्सने गेला. ड्रमवाला कीथ स्ट्रिकलंड गिटारवर आला आणि १९८९चा ‘कॉस्मिक थिंग’ निघाला. ‘लव्ह शॅक’ आणि ‘रोम’ दोन्ही बिलबोर्डवर (अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत) तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. ‘रोम’मध्ये फ्रेड गात नाही, म्हणून सरावाला तेच घ्या.

बँडबाहेरची केट : गायक इगी पॉपबरोबर ‘कँडी’ (१९९०), आर.ई.एम. या बँडबरोबर ‘शायनी हॅपी पीपल’ (१९९१). आर.ई.एम.ही अथेन्सचेच. स्वतःचा पहिला अल्बम मात्र थेट २०१५मध्ये, ‘गिटार्स अँड मायक्रोफोन्स’, दुसरा २०२४चा. माझ्या मते एकटी केट स्वच्छ गाते, पण सिंडीशी घासून निघणारी ठिणगी त्यात नाही.

तारसप्तक
कीबोर्डवरचा ग काढला, खरंच मिटला घोळ. माइक दोघींना एकच चालेल का?

पंचमभाव
नको. दोन घ्या, दोघींचं तोंड माइकपासून सारख्याच अंतरावर, चार बोटं पुरे. एकावर गायलात तर जिचा आवाज मोठा तीच ऐकू येते. रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) अगदी थोडा.