शब्दचर्चा : 'हक्क' आणि 'अधिकार'

प्रश्न : कोल्हापुरातील आमच्या महाविद्यालयात संविधान दिनाच्या फलकावर 'मौलिक अधिकार' असे लिहिले होते. मराठीच्या अध्यापकांनी ते खोडून 'मूलभूत हक्क' करायला लावले. 'माहितीचा अधिकार' हे तर सरकारमान्य नाव आहे. मग या दोन शब्दांत खरोखर फरक आहे, की हा केवळ सवयीचा भाग आहे?

उत्तर : फरक आहे आणि अध्यापकांचे म्हणणे योग्य आहे. संविधानाच्या मराठी पाठात भाग तीनचे शीर्षक 'मूलभूत हक्क' असे आहे. 'मौलिक अधिकार' हा प्रयोग हिंदी बातम्यांतून आपल्याकडे आला. मराठीत 'अधिकार' पदाला चिकटून येतो: सहीचे अधिकार, अधिकारकक्षा, अधिकारी. 'हक्क' माणसाला चिकटतो: हक्काचे घर, हक्काची रजा, वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा हक्क. संविधानाचे कामच या दोहोंच्या सीमेवर चालते. पोलिसांना अटकेचा अधिकार कायद्याने मिळतो. पण अटकेचे कारण समजणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले जाणे, हा अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्याचा हक्क आहे (प्रतिबंधक स्थानबद्धतेचे, म्हणजे गुन्हा होण्याआधीच खबरदारी म्हणून ताब्यात ठेवण्याचे, नियम वेगळे आहेत, तो विषय येथे नको). हेच वाक्य दोन्हीकडे 'अधिकार' घालून लिहून पाहा. कोण कोणाला अडवतो आहे, हे वाचणाऱ्याला दोनदा वाचूनही कळणार नाही. अनुच्छेद १३ तर थेट विधिमंडळालाच अडवतो: मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता शून्य ठरतो. कायदे करण्याचा अधिकार आहे, पण तो हक्कांच्या कुंपणाबाहेर चालत नाही.

दुसरे मत : वरील विवेचन पटते, तरी वापर इतका नेटका नाही. 'मताधिकार' रुळलेला आहे, २००५ चा कायदा 'माहितीचा अधिकार' म्हणतो, तर शिक्षणाचा २००९ चा आणि लोकसेवांचा २०१५ चा कायदा 'हक्क' म्हणतो. ही नावे आता बदलणार नाहीत आणि बदलण्याचा आग्रहही धरू नये. मात्र शिक्षणाच्या बाबतीत 'हक्क' शब्द का शोभतो, हे करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाच्या इतिहासातून चांगले समजते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. निर्णय काळाच्या पुष्कळ पुढचा होता, तरी तो राजाच्या अधिकारातून आला होता आणि सक्ती रयतेवर होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २१क मध्ये बंधन उलट दिशेने आहे: सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण पुरवणे हे राज्याचे कर्तव्य आहे. 'मोफत' आणि 'सक्तीचे' हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत. जबाबदारी मात्र फिरली.

पुन्हा प्रश्न : दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्र होते. मग मूलभूत हक्कही असा लिहून सोडता येतो का?

उत्तर : नाही. मिळकतीतला हिस्सा सोडता येतो, कारण तो त्या व्यक्तीच्या मर्जीचा भाग आहे. मूलभूत हक्क हे राज्यावरचे बंधन आहे, त्यामुळे नागरिकाने सही केली म्हणून राज्य त्यातून सुटत नाही. मुंबईतील पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात, पदपथावर झोपड्या बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, ही त्यांनी उच्च न्यायालयात दिलेली कबुली त्यांच्याविरुद्ध वापरण्याचा प्रयत्न झाला. संविधानाविरुद्ध अशी कबुली चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितले. (पुढे झोपड्या हटवण्यास परवानगी मिळालीच, हे सोयीने विसरले जाते.)

क्रियापदांबद्दलही थोडे. हक्क 'बजावला' जातो, अधिकार 'वापरला' जातो, आणि 'गाजवणे' दोहोंनाही लागते, पण चांगल्या अर्थाने सहसा नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते, त्यामुळे अनुच्छेद २२६ खालच्या, म्हणजे हक्कभंगाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेल्या, याचिकांची मराठी वृत्ते येथील वार्ताहरांना वरचेवर लिहावी लागतात. त्यांत 'याचिकाकर्त्याच्या हक्काचा भंग' आणि 'अधिकाऱ्याचा अधिकारबाह्य आदेश' असे लिहावे. 'अधिकाराचे उल्लंघन' लिहिले की कोणाच्या अधिकाराचे, हा प्रश्न उरतोच.