रॅमचा वेग ३२०० वरून ३६०० वर न्यायचा आहे

कृष्णाकाठ, सांगली: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक. ३६०० ला विंडोज सुरू होतं, पण गेम मध्येच बंद पडतो. काय तपासू?

मिरजकर: आधी एक्सएमपीवर (बायोसमधलं रॅमच्या वेगाचं तयार सेटिंग) ३२०० ला मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चे चारही पास, म्हणजे फेऱ्या, होऊ द्या. एकही एरर चालणार नाही. चार स्लॉट असतील तर स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात हव्यात. मग ३६००, टायमिंग (रॅम किती थांबून काम करते त्याचे आकडे) १८-२२-२२-४२, १.३५ व्होल्ट. एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) हाताने १८०० करा. तो रॅमच्या निम्मा नसला तर लेटन्सी (रॅमच्या प्रतिसादाला लागणारा वेळ) वाढते, मेहनत वाया.

वाईकर: टेस्ट भर दुपारी घ्या. स्टिक पन्नास अंशांपुढे तापली की रात्री पास झालेलं सेटिंगही एरर देऊ शकतं. महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप आधीच घ्या, अस्थिर रॅम त्या खराब करते.

कृष्णाकाठ, सांगली: बूटच झालं नाही तर?

मिरजकर: पॉवर काढून सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत येतील.