नवं दुकान रुजतं कसं? नाशिकच्या मध्यवस्तीतले अनुभव

मी रविवार कारंजाजवळ राहते. आमच्या घरापासून दहीपुलापर्यंत चालत पाच मिनिटं लागतात. गेल्या दिवाळीपासून त्या वाटेवर चार पाट्या बदलल्या. शिवणाच्या सामानाचं दुकान गेलं, मोबाईलची कव्हरं आली. पिठाची गिरणी गेली, तिथे आता वॉफल मिळतात. उरलेले दोन गाळे नारळ फोडून उघडले आणि पावसाळ्याआधी पुन्हा बंद झाले. कॉलेज रोड, गंगापूर रोडला तर महिनाभर गेलं नाही की ओळखीची खूण सापडत नाही.

विचारायचं कारण घरचं आहे. पुतण्याला कॅनडा कॉर्नरच्या आसपास गाळा घेऊन खाण्याचं दुकान काढायचंय. बँकेतली नोकरी सोडायची तयारी आहे. "आत्या, घेऊ का?" असं त्याने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. कुठे काय चांगलं मिळतं याची यादी नको, ती सगळ्यांकडे आहे. तुम्ही दुकान काढलं असेल, बंद केलं असेल, तुमच्या घराखाली कुणी काढलं असेल, तर काय झालं ते लिहा. नावं नकोत.

थत्तेनगर

ताई, तुमच्या पुतण्याच्या जागी मी २०२२ साली होते. एका बंगल्याच्या गॅरेजात वीस माणसं बसतील एवढं हॉटेल काढलं. कागदपत्रांची फार भीती वाटत होती, पण ती सोपी निघाली. तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले तर शॉप अ‍ॅक्टखाली नुसती ऑनलाइन सूचना द्यायची होती. अन्नपदार्थांची नोंदणीही घरबसल्या झाली. मी अडकले ती करारनाम्यात. छत्तीस महिन्यांचा करार, सहा भाड्यांएवढं डिपॉझिट, दरवर्षी वाढ, इथवर वाचलं आणि सही केली. पुढे लॉक-इनचं कलम होतं. अठरा महिन्यांच्या आत जागा सोडली तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं. चौथ्या महिन्यात गल्ला रिकामा राहू लागला तेव्हा ते कलम मला तोंडपाठ झालं होतं.

पहिला महिना ओळखीच्यांचा असतो. मावशा, मैत्रिणी, नवऱ्याचे ऑफिसवाले सगळे येऊन जातात, फोटो काढतात, कौतुक करतात. त्या गर्दीवर हिशेब मांडू नका, मी मांडला होता. मेनूत पास्ता, सँडविच, कोल्ड कॉफी, कारण शेजारच्या दोन्ही हॉटेलांत तेच होतं. दुपारी दोनला समोरच्या क्लासमधून दीडशे-दोनशे मुलं बाहेर पडायची आणि माझ्या दारावरून सरळ पुढे जायची. एक दिवस एका मुलीला थांबवून विचारलंच. ती म्हणाली, "काकू, रोज पास्ता कोण खाणार? वरण-भात करता का?"

त्याच आठवड्यात मेनू कार्ड काढून टाकलं. ज्वारीची भाकरी, एक उसळ, एक पातळ भाजी, वरण-भात, ताक. मुलं आली ती अजून येतात. घरपोच अ‍ॅपवर शंभराची थाळी गेली की त्यातले पंचवीस त्यांचे आणि डबा-पिशवीचा खर्च माझा. ते बंद केलं, महिन्याची कूपनं सुरू केली. महिन्याचे पैसे आधी हातात येतात, त्यामुळे किराणा रोखीने भरता येतो आणि भाव बरा मिळतो. दोन बायका कामाला आहेत, दोघींचे पगार पाच तारखेच्या आत होतात. हे मी अभिमानाने सांगते.

पुतण्याला सांगा, गाळ्यासमोर एक अख्खा दिवस नुसता बस. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. कोण जातं, किती वाजता, हातात काय असतं, घाईत आहे की निवांत. एवढं बघायला मला चार महिने उशीर झाला.

पंडित कॉलनी

मी वरच्या मजल्यावरचा. वय एकाहत्तर. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर हॉटेल आलं आणि त्याच्या भटारखान्याचा धूर आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीतून आत येऊ लागला. पत्नीला दमा आहे. सोसायटीच्या दोन बैठका नुसत्या आरडाओरड्यात गेल्या. शेवटी मी त्या मुलालाच संध्याकाळी सातला घरी बोलावलं. निफाडकडचा, सव्विसाव्या वर्षी स्वतःचं हॉटेल काढलेला. खोलीत दहा मिनिटं बसला. उठताना म्हणाला, "काका, माझ्या आईला असं झालं असतं तर मला चाललं नसतं." पंधरा दिवसांत चिमणीचा पाइप गच्चीच्या वरपर्यंत नेला. त्यासाठी त्याला हातउसने घ्यावे लागले, हे मला नंतर कळलं.

गाड्यांचं मात्र मिटलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी आमच्या फाटकासमोर आजही गाडी लागते, मी फोन करतो, तो खाली येऊन काढायला लावतो. तुमच्या पुतण्याने गाळा घेण्याआधी वरची घरं बघावीत. जिना चढून जावं, आपण काय करणार ते सांगावं आणि धूर कुठून जाईल ते विचारावं.

भांडी बाजार

तांब्या-पितळेचं आमचं तिसऱ्या पिढीचं दुकान. आमच्याकडे नव्याने आलेले दुकानदार चांगले आहेत, कष्टाळू आहेत. पण जागा त्यांच्याशी अजून बोललेली नसते. आम्ही पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून माल हलवतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं लक्ष मारुतीकडे. त्याच्या गुडघ्याला पाणी लागलं की खालच्या फळीवरचं वर जातं, छातीला लागलं की दुकान रिकामं करायचं. हे वडिलांनी शिकवलं, त्यांना आजोबांनी. २०१९च्या ऑगस्टात मारुती अख्खा बुडाला होता आणि पाणी सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरलं. आमच्या शेजारी त्याच्या तीन महिने आधी एकाने तयार कपड्यांचं दुकान लावलं होतं. खोकी जमिनीवर रचलेली. आदल्या रात्री मी आणि भावाने आपलं आवरून त्याला फोन केला. तो आडगावला राहायचा, येईपर्यंत चौकातून वाट बंद. कुलूप तोडायची परवानगी त्याने फोनवर दिली आणि आम्ही चौघांनी जमेल तेवढा माल आमच्या माळ्यावर चढवला. निम्मा वाचला, निम्मा गेला. तो दुकान सोडून गेला नाही. आता मारुतीचं पाणी आमच्याआधी तोच बघून येतो.

रंगपंचमीचंही तसंच. बाहेरून आलेल्यांना वाटतं धुळवडीला बंद ठेवलं की झालं. नाशिकचा रंग पंचमीला असतो. तिवंधा चौक, शनि चौक इथल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीखालचे रंगाचे हौद, उघडतात, लोक रंगात धप्पा मारून त्याच ओल्या अंगाने गल्लीबोळांतून फिरतात. त्या दिवशी पांढरा माल बाहेर टांगायचा नाही.

आणि एक चांगलं सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी मी वडिलांना म्हणालो होतो की हा धंदा माझ्यापाशी संपेल. घराघरांतून पितळ मोडीत निघत होतं. आज नव्या हॉटेलवाल्यांना पितळी ताटं, तांब्याचे जग, मिसळीच्या रश्श्यासाठी पातेली हवी असतात. एकेक जण पन्नास ताटं नेतो. त्यामुळे आमच्या कल्हईवाल्याला पुन्हा काम मिळालं. तो साठीचा आहे आणि यंदा त्याने मुलाला हाताशी घेतलंय.

गंगापूर रोड, वसतिगृह

मी सुरगाण्याचा. केटीएचएमला शिकतो. कॉलेजच्या आसपास जी नवी कॅफे झाली त्यात एकदाच गेलो, मित्राच्या वाढदिवसाला. कार्डावर नागलीची बिस्किटं होती, चार बिस्किटांना एकशे वीस रुपये. आमच्या घरी रोज नागलीची भाकरी असते, आणि गावाबाहेर मी डब्यात ती लपवून खाल्लेली आहे. म्हणून ते नाव तिथे छापलेलं बघून आधी छातीत काहीतरी झालं. मग वाटलं, आई वर्षभर राबून जी नागली विकते तिला किलोमागे काय मिळतं? मालकाला विचारलं की नागली कुठून घेता. तो म्हणाला, घाऊक बाजारातून. मी त्याला मामाचा नंबर दिला. दोन वेळा वीस-वीस किलो गेली आहे, भाव गावातल्या व्यापाऱ्यापेक्षा बरा मिळाला. बिस्किटं मला अजून परवडत नाहीत. पुतण्यादादाला सांगा, नागली, वरई, मोहाची फुलं लागली तर आमच्याकडे चांगला माल असतो.

मेहेर सिग्नलजवळ

वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, आता नाही. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा १.१ किलोमीटरचा रस्ता नव्याने करायला घेतला तेव्हा दारासमोर खड्डा आणि पत्रे. जूनची शाळेची गर्दी हेच आमचं वर्ष असतं, ती गर्दी पत्र्यांच्या पलीकडून निघून गेली. काम रेंगाळत गेलं. रस्ता झाला आणि मग २०२०चं कुलूप. रस्ता चांगला झालाय, मी रोज त्यावरून चालतो. पण मधल्या दिवसांचं भाडं कुणी माफ करत नाही. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे, रस्त्यांची कामं होणारच. गाळ्यासमोरचा रस्ता खोदला जाणार आहे का, हे आधी विचारा, आणि तसं झालं तर भाडं किती कमी होईल ते करारात लिहून घ्या.

जुने नाशिक, पाट्या रंगवणारा

हाताने अक्षरं काढायचं काम फ्लेक्सने खाल्लं होतं. २०२३च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली आणि माझा फोन वाजायचा थांबेना. मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत, त्यामुळे पाट्या पुन्हा आखाव्या लागल्या. नव्या मालकांना आपल्याच दुकानाचं नाव मराठीत कसं लिहितात ते ठाऊक नसायचं. आम्ही फुटपाथवर बसून ठरवायचो. काहींनी हाताने रंगवलेली पाटी मागितली, अजून मागतात.

मला दुकानं पाटीवरून आठवतात. कॅनडा कॉर्नरपासून फार लांब नाही असा एक गाळा आहे, त्यावर मी सात वर्षांत पाच पाट्या चढवल्या. मोमो, ज्यूस, केक, पुन्हा ज्यूस, मग चहा. पाचही माणसं मेहनती. तो गाळा पश्चिमेला तोंड करून आहे, पुढे झाड नाही. दुपारी तीनपासून ऊन थेट टेबलापर्यंत येतं. समोर दुभाजक आहे, पलीकडच्या बाजूने येणाऱ्याला वळून यायला लांब जावं लागतं. शिडीवर उभं राहून मला हे पाचही वेळा दिसलं. पहिल्या तिघांना मी काही बोललो नाही, आपलं काम पाटीचं. चौथ्याने दुकान बंद केलं त्या दिवशी तो पाटी उतरवायला मला बोलवून घेऊन गेला आणि रडला. पाचव्याला मी आधीच सांगितलं. त्याने पुढे जाड कापडाचा पडदा लावला, संध्याकाळी पाचनंतरच उघडतो, आणि चहा पार्सल देणारा मुलगा ठेवला. टिकलाय.

ताई, पुतण्याचा गाळा कुठला ते मला कळवा. मी बघून येतो. पैसे नकोत.

माहेर मेनरोडचं, राहायला इंदिरानगर

एवढंच लिहिते. आईला गुडघ्यांमुळे पायरी चढता येत नाही. नव्या हॉटेलांना तीन-चार पायऱ्या आणि कठडा नाही. एका मिठाईच्या नव्या दुकानाने कडेला उतार केला आणि धरायला नळी लावली. आई दर चतुर्थीला तिथेच जायला सांगते.

रविवार कारंजा

सगळं पुतण्याला वाचून दाखवलं. पाटीवाल्या दादांबरोबर तो मंगळवारी गाळा बघून आला. तोच पश्चिमेचा गाळा नाही, पण त्याच रांगेतला, दोन सोडून. दादांनी मोजपट्टीने पायऱ्या मोजल्या, तीन आहेत, उताराला जागा आहे. वर राहणाऱ्या बाईंकडे जाऊन आला, त्यांना तळणाचा वास नको आहे. त्यामुळे वडे गेले, आता थालीपीठ आणि धिरडी असं चाललंय. मालकाने लॉक-इन अठराचं बारा महिन्यांवर आणलं. पुतण्या सहावर अडून बसलाय. नोकरीचा राजीनामा अजून खिशात आहे.

परवा तो गाळ्यासमोर दिवसभर बसला. वहीत तासांप्रमाणे रकाने आखले होते. सकाळी साडेसहाला जॉगिंग ट्रॅककडून परतणारे चाळीस जण त्याने मोजले, आणि त्या वेळी त्या रांगेत एकही दुकान उघडं नव्हतं. उद्या तो सहालाच जाणार आहे. मी थर्मास काढून ठेवलाय.