ऊसतोडीच्या हंगामातले बालविवाह: राज्य पातळीवर मागणी नेमकी कशी लावून धरायची?

गोदाकाठ:
बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात बचत गटांच्या प्रभागसंघानं निवेदन तयार केलंय. मागण्या चार: बालविवाहाची शिक्षा वाढवा, ऊसतोड मजुरांच्या मुलींच्या निवासाची सोय करा, ग्राम बाल संरक्षण समित्या सक्षम करा, जनजागृती करा. तहसील कार्यालयात दिलं, पोच मिळाली, पुढे सामसूम. आमदार विषय मांडायला तयार आहेत. मांडायचं कुठे आणि कोणत्या शब्दांत?

मसुदा_तिसरा:
तुमच्या मागण्या चार वेगवेगळ्या विभागांत विखुरल्या आहेत, गाडी तिथेच अडते. बालविवाह प्रतिबंध आणि बाल संरक्षण समित्या महिला व बालविकासकडे. हंगामी वसतिगृहं (आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठीची) शालेय शिक्षणकडे, समग्र शिक्षा योजनेतून. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं सामाजिक न्यायकडे. कायद्यानं बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ज्याच्यावर जबाबदारी आहे तो ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) मात्र ग्रामविकासचा. एकच कागद चौघांना गेला की प्रत्येक जण "संबंधित विभागाकडे वर्ग" असा शेरा मारतो. विभागागणिक वेगळं पत्र, एका पत्रात एकच मागणी, आणि प्रत तालुक्यापासून सचिवांपर्यंत सगळ्यांना.

दुसरं, "सक्षम करा" या शब्दावर मंत्रालयातला कक्ष अधिकारी काहीच लिहू शकत नाही. त्याला टिपणी लिहायची असते: चालू शासन निर्णय कोणता, त्यातल्या कोणत्या परिच्छेदात काय बदलायचं, खर्च किती, कोणत्या लेखाशीर्षातून. ग्राम बाल संरक्षण समित्यांचा शासन निर्णय १० जून २०१४ चा आहे, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. तो डाउनलोड करून समोर ठेवा आणि मागणी अशी लिहा:

"समितीनं दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी गावातून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील १२ ते १८ वयोगटातील मुलींची नोंद करावी, मुलगी कुणाकडे राहणार व कोणत्या शाळेत जाणार हे नमूद करावं, आणि संख्यात्मक गोषवारा तालुका समितीस सादर करावा, अशी तरतूद समाविष्ट करावी."

याला नवीन पैसा लागत नाही, म्हणून वित्त विभागाची सहमती लागत नाही. धोरणबदलाची पहिली मागणी नेहमी बिनपैशाची ठेवा. ती मान्य झाली की मोजदाद हाती येते, आणि मोजदादीवर वसतिगृहाची मागणी उभी राहते. उलट क्रमानं गेलात तर पहिलाच प्रश्न येतो, "मुली किती?" आणि उत्तर नसतं.

निवासाच्या मागणीत खरं भोक वयाचं आहे. हंगामी वसतिगृह शिक्षण हक्काच्या ६ ते १४ या गटासाठी. लग्नाचा दबाव येतो तो नेमका १४ नंतर. म्हणजे मुलगी आठवी संपवते आणि सोयही संपते. भगवानबाबा योजनेत ४१ तालुक्यांत मुलांचं एक, मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं ठरली. तुमच्या तालुक्यातलं सुरू आहे का, मंजूर संख्या किती, प्रत्यक्ष मुली किती, हे माहिती अधिकारात आधी काढा. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर नाही तर प्रथम अपील, २० रुपयांचा स्टॅम्प.

कलम_तेरा:
शिक्षा वाढवण्याची मागणी काढून टाका. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात गुन्हा आजही दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. वर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागतोच, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर १८ खालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कार धरला जातो. परिणाम उलटा दिसतो: गरोदर मुलीला दवाखान्यात नेलं की डॉक्टरांना पोलिसांना कळवणं बंधनकारक, म्हणून नेतच नाहीत. शिक्षा आणखी वाढवली तर लग्न थांबणार नाही, नोंद थांबेल.

वापरलं जात नाही ते याच कायद्याचं कलम १३. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी लग्नाआधीच मनाई हुकूम देऊ शकतात, घाई असेल तर समोरच्याला नोटीस न देताही. हुकूम मोडून लग्न लावलं तर कलम १४ नुसार ते मुळातच रद्दबातल. हुकूम नसेल तर मुलीला न्यायालयात जाऊन लग्न रद्द करून घ्यावं लागतं: अल्पवयीन असताना पालक आणि प्रतिबंधक अधिकाऱ्यामार्फत, नाहीतर सज्ञान झाल्यावर २ वर्षांच्या आत स्वतः. ते किती जणी करतील! मग मागणी ही करा: तक्रार आल्यापासून २४ तासांत प्रतिबंधक अधिकाऱ्यानं कलम १३ चा अर्ज दाखल करावा, अर्जाचा छापील नमुना नियमांसोबत द्यावा, सोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील द्यावा. राज्याला कलम १९ खाली नियम करता येतात, विधिमंडळात कायदा बदलायची गरज नाही. नमुना नसल्यामुळे आज काय होतं? आई-वडिलांकडून हमीपत्र लिहून घेतात, मांडव उतरतो आणि आठ दिवसांनी दुसऱ्या गावात लग्न लागतं.

वयाच्या पुराव्याबद्दल: आधार कार्ड धरू नका. जन्मतारीख दुरुस्त करून आणली की सगळे हात वर करतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये क्रम स्पष्ट आहे: शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. सर्वोच्च न्यायालयानंही २०२४ मध्ये आधार हा वयाचा पुरावा मानला नाही.

आणि एक काटेकोर सूचना. निवेदनाला मुलींच्या नावांची यादी जोडू नका, रोखलेल्या लग्नाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. गावनिहाय आकडे पुरतात.

लक्षवेधी१०५:
अधिवेशन निवडताना चूक करू नका. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला. तोवर टोळ्या कोल्हापूर-सांगली-कर्नाटकात फडावर पोचलेल्या असतात. पावसाळी गाठा. जुलैत उत्तर, सप्टेंबरपर्यंत शासन निर्णय, दसऱ्यानंतर टोळ्या हलायच्या आत अंमल. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी आमदारांच्या स्वीय सहायकाकडे टाईप करून द्या, तोंडी सांगून येऊ नका. साचा ठरलेला आहे:

"(१) बीड जिल्ह्यात ऊसतोड स्थलांतराच्या काळात बालविवाह होत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, गत तीन वर्षांत जिल्ह्यात कलम १३ अन्वये किती अर्ज दाखल झाले, (३) असल्यास, त्यापैकी किती प्रकरणी मनाई हुकूम मिळाले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

पहिल्या भागाला "अंशतः खरे आहे" असंच उत्तर येतं. जीव दुसऱ्या-तिसऱ्यात असतो, कारण तिथे आकडाच द्यावा लागतो. "कोणती कार्यवाही केली" एवढंच विचारलंत तर "जनजागृती करण्यात येत आहे" हे उत्तर तयार असतं. तुमची चौथी मागणी म्हणूनच खोडा, ती त्यांना आयतं उत्तर देते.

मंत्र्यांनी सभागृहात "करू" म्हटलं तर त्या दिवसाच्या कार्यवाहीतली ओळ जपून ठेवा, ती विधिमंडळाच्या आश्वासन समितीपुढे नेता येते. पार्श्वभूमीला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे (२०१९-२१) आकडे वापरा: २० ते २४ वयाच्या सर्व स्त्रियांत १८ आधी लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के, परभणीत ४८, बीडमध्ये ४४ च्या आसपास.

गोदाकाठ:
मुकादमांकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे निवेदनात घालावं का?

मसुदा_तिसरा:
घालाच, मूळ कारण तेच. लग्न लावलं की एक कोयता वाढतो आणि उचल वाढते. पण ते शालेय शिक्षणच्या पत्रात नको. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला वेगळं पत्र करा: मजुरांच्या ओळखपत्र नोंदणीत जोडीतल्या दोघांच्याही वयाचा शाळेचा पुरावा तपासावा. महामंडळाला कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढाच वाटा शासनाकडून मिळावा अशी योजना आहे, म्हणजे कारखान्यांनाही सांगायला जागा आहे. मात्र वय कमी निघालं म्हणून नोंदणी नाकारू नका म्हणावं. ओळखपत्र नाही म्हणून ती मुलगी फडावर जायची थांबत नाही, विम्यातून तेवढी सुटते. १८ खालची नोंद आली की ग्राम बाल संरक्षण समितीला कळवणं, असं वाक्य हवं.

कलम_तेरा:
गावपातळीवर अधिवेशनाची वाट बघू नका. स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणाचे, ते ग्रामपंचायतीला खर्च करावेच लागतात. १ मेच्या ग्रामसभेआधी महिला सभेत स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलींच्या नोंदीचा ठराव (नावं न घालता) घ्या, इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि आमदारांच्या प्रश्नाला ती जोडा. दहा गावांचे ठराव असले तर टिपणी लिहिणाऱ्याला "मागणी नाही" म्हणता येत नाही.