पायावरच्या फुगलेल्या शिरा: लेझर, इंजेक्शन की नुसते मोजे?

फळाखडू
२२ वर्षं उभी राहून शिकवतेय. डाव्या पोटरीवर हिरव्यानिळ्या गाठोळ्या आल्यात, संध्याकाळी पाय ठणकतो. एक डॉक्टर म्हणतात लेझर करून टाका, दुसरे म्हणतात पाय दाबून धरणारे घट्ट मोजे घाला. मोजे आणले, पण चढेचनात, कपाटात पडलेत. ज्यांनी काही करून घेतलंय त्यांनी सविस्तर लिहा. व्हिनेगर चोळणारे नंतर.

डबलबेल
एसटीत जन्म उभ्याने गेला. १९९८ला उजव्या पायाची शीर ओढून काढली. जांघेत आणि खाली चिरा, पाठीत इंजेक्शन, चार दिवस दवाखाना, मांडी महिनाभर काळीनिळी. पंधरा वर्षांनी डावा पाय. यावेळी रेडिओफ्रिक्वेन्सी. गुडघ्याजवळ सुईच्या भोकातून तार सरकवली, शिरेभोवती भुलीचं पाणी टोचत गेले (दुखलं ते तेवढंच) आणि आतून शीर भाजून बंद. तासाभरात चालायला लावलं, खाली जाऊन चहा पिऊन आलो.
मी विचारलं, शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून? डॉक्टर म्हणाले, वर नेणाऱ्या मोठ्या शिरा आत खोल असतात. हिचे रक्त मागे येऊ न देणारे आतले पडदे गेलेत, ही उलट खालीच गळते.

जांभळी_जाळी
माझ्या फक्त मांडीवरच्या बारीक जाळ्या. पॉलिडोकॅनॉलची (शीर आतून बंद करणारं औषध) इंजेक्शनं, चार बैठका. जाळ्या गेल्या, पण तपकिरी डाग आठ महिने राहिले. इन्शुरन्सवाल्यांनी 'सौंदर्योपचार' म्हणून क्लेम फेटाळला.

काठपदर
लेझर तीन वर्षांपूर्वी. ठणका गेला, पण नडगीच्या आतल्या बाजूला बधिर पट्टा राहिलाय. साडीचा काठ घासला की मुंग्या. गुडघ्याखाली शिरेला नर्व्ह चिकटून असते म्हणे. किती खाली जाणार, हे आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

चुलीपाशी
वडील आचारी. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळी पडली, खाजवून जखम झाली, ती दोन वर्षं भरेना. हळद, तूप, कोणी सांगेल ते मलम. एका सकाळी न्हाणीघरात शीर फुटली, चिळकांडी भिंतीपर्यंत. आम्ही घाबरून त्यांना खुर्चीत बसवलं, तेच चुकलं. आडवं करून पाय उंच धरायचा आणि बोटाने दाबून ठेवायचं. पुढे घट्ट पट्ट्या बांधून आणि शीर बंद करून जखम चार महिन्यांत भरली. शुगर नव्हती, शिरांचंच दुखणं होतं.

कोल्हापुरी_काकू
मोजं सकाळी अंथरुणातच चढवायचं बघा, पाय सुजायच्या आधी. बोटं उघडी असणारं मोजं असलं तर पावलात आधी प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी घालायची, वरनं मोजं सरकवायचं, मग बोटांकडनं पिशवी ओढून काढायची. मे महिन्यात मी पण घालत न्हाई, खोटं कशाला बोलू.

डबलबेल
फळाखडू, डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) उभं करून काढलंय ना? उलटा प्रवाह उभ्यानेच नीट दिसतो.

फळाखडू
झोपवूनच काढलं, पाच मिनिटांत! उद्या फोन करते. आणि काकू, दुधाच्या पिशवीने मोजा चढला. आता निघत नाहीये.